लेकींना ठाऊक नसलेली आई

सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीला तिच्या मुलींविषयी विचारावे आणि मग घड्याळाकडे पाहू नये. थोरलीला दहावीला गणितात किती गुण मिळाले, मधलीच्या नोकरीचा पहिला आदेश कोणत्या वारी हातात पडला, धाकटीने सायकल शिकताना कोणता गुडघा फोडून घेतला, हे सारे तिला काल घडल्यासारखे आठवते. हा अभिमान पोकळ नव्हे. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशातील स्त्रियांमध्ये लिहितावाचता येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९ सुद्धा नव्हते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये ते शेकडा ७५ च्या पुढे गेलेले दिसते. या दोन आकड्यांमधली वाट ज्यांनी पायाखाली घातली, त्या स्त्रिया आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. स्वतःची शाळा चौथीत नाहीतर सातवीत सुटली. पण लेकींच्या वह्यांना खाकी कागदाची वेष्टणे घालायची त्यांनी सोडली नाहीत. फी भरण्यासाठी कोणी पाटल्या मोडल्या, कोणी वीस-वीस वर्षे शिवणयंत्रावर वाकून मणक्याची वाट लावून घेतली. त्या मुली आज शिक्षिका आहेत, तलाठी आहेत, बँकेत आहेत, परदेशात आहेत. त्यांच्याकडे पाहताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते पाहणाऱ्यालाही बरे वाटते.

मुली वाढत होत्या तेव्हा आईची नजर केवळ त्यांच्या अभ्यासावर नव्हती. ती त्यांच्या शरीरावरही होती. कोणीला दुधाचे दात उशिरा आले, कोणीला गोवर निघाला, कोणाच्या अंगात रक्त कमी होते, हे तिला पाठ असते. मुलीला पहिल्यांदा पाळी आली तो दिवस तर तिच्या मनात कोरलेला असतो. तिच्या स्वतःच्या वेळी ‘कावळा शिवला’ म्हणून तीन दिवस तिला कोपऱ्यात बसवले होते. लेकीच्या वेळी मात्र तिने सासूशी वाद न घालता, फारसा गाजावाजाही न करता, ती प्रथा घरातून हळूच काढून टाकली. कित्येक घरांत ही एवढीच सामाजिक सुधारणा झाली आणि ती कोणत्याही अहवालात नोंदली गेली नाही. पुढे मुलींची बाळंतपणे आईनेच केली. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, अंगावरचे दूध, टाक्यांची काळजी, सारे तिच्या हातून गेले. आपल्या मुलीच्या देहाविषयी आईला जेवढे ठाऊक असते, तेवढे तिच्या नवऱ्यालाही नसते.

आता हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारून पाहावा. तुमच्या आईची पाळी कितव्या वर्षी थांबली? तिची ‘पिशवी काढली’ असे तुम्ही ऐकले असेल. पण ती कोणत्या कारणाने काढली आणि त्यासोबत बीजकोशही काढले का? तुमच्या वेळी ती गरोदर असताना तिचा रक्तदाब वाढला होता का? खोकताना तिच्या लघवीचे थेंब गळतात का? माझ्या दवाखान्यात आईला हाताला धरून घेऊन येणाऱ्या चाळीस-पन्नाशीच्या मुलींना मी हे प्रश्न गेली अनेक वर्षे विचारत आले आहे. मुली शिकलेल्या असतात, हुशार असतात, आईवर त्यांचा जीव असतो. आईच्या गोळ्यांची नावे त्यांना पाठ असतात. या प्रश्नांवर मात्र त्या आईकडे पाहतात आणि आई जमिनीकडे पाहते. पाहण्याचे काम आयुष्यभर एकाच दिशेने चालले, हे त्या क्षणी दोघींच्याही ध्यानात येते.

असे का व्हावे? लाज हे एक कारण आहेच. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतून लेकीचे कौतुक भरभरून गायले गेले. आपल्या जिवाचे दुखणेही बाया त्या जात्यालाच सांगत, माणसाला नव्हे. परंतु केवळ लाजेने सारे उलगडत नाही. मला वाटते, ज्या अभिमानाचे आपण एवढे कौतुक करतो त्याचाही यात मोठा वाटा आहे. मुलगी जितकी मोठी होते, तितके आईला आपले दुखणे तिच्यासमोर ठेवणे अवघड वाटू लागते. तिची मीटिंग, तिची परीक्षा, तिच्या मुलांची बारावी, तिची बदली. यांत माझे गुडघे कुठे आणायचे? मुलगी उंच चढली आहे, तिला खाली ओढायचे नाही, ही ती भावना असते. तिच्यात प्रेम आहे यात संशय नाही. पण तिचे परिणाम प्रेमळ नसतात.

एका स्त्रीची हकिकत तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून येथे सांगते. वय ७२, पती हयात नाहीत, राहणे तालुक्याच्या गावी. तीन मुली. थोरली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मधली शहरातील एका रुग्णालयात परिचारिका, धाकटी बंगळुरूला संगणकाच्या नोकरीत. तिघींची छायाचित्रे बाहेरच्या खोलीत ओळीने लावलेली, त्यांत मधलीचे पांढऱ्या गणवेशातले छायाचित्र सर्वांत मोठे. पाळी जाऊन वीस वर्षे उलटल्यावर या बाईंच्या अंगावरून पुन्हा थोडे थोडे लाल जाऊ लागले. आठ महिने त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. जुन्या लुगड्याचे तुकडे वापरायचे, रात्री धुवायचे, न्हाणीघरामागे पत्र्याच्या आड वाळत घालायचे. दिवाळीला मधली मुलगी घरी आली आणि पणत्यांचे तेल शोधताना तिच्या दृष्टीस ते तुकडे पडले. परिचारिकाच ती, तिला सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन माझ्याकडे आली. तिचे डोळे सुजलेले होते. आई शांत होती. मी विचारले, “काकू, घरात एवढी जाणती लेक असताना तिलासुद्धा सांगितलं नाहीत?” त्या म्हणाल्या, “बाई, ती एवढं शिकली ते काय माझं हे बघायला?”

ते वाक्य ऐकून मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, अगं मी रोज परक्या बायकांचं हेच बघते. तुझं तेवढं राहिलं होतं.”

येथे वैद्यकीय माहिती थोडी विस्ताराने द्यायला हवी, कारण ती जीव वाचवणारी आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती कायमची थांबली असे आपण म्हणतो. त्यानंतर कधीही, कितीही थोडे रक्त दिसले, एकच डाग पडला, तरी ती तपासण्याची गोष्ट आहे. ‘उष्णता झाली असेल’, ‘वजन उचलले म्हणून असेल’ असे म्हणून वाट पाहू नये. घाबरण्याचेही कारण नाही. अशा दहा स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींत कारण साधे निघते: योनिमार्गाची त्वचा कोरडी आणि नाजूक झालेली असते, किंवा गर्भाशयात साधा कोंब असतो. उरलेल्या दहावीत मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो. हा कर्करोग बहुधा लवकर रक्तस्राव करून स्वतःची वर्दी देतो, आणि म्हणूनच वेळेवर गेलेल्या स्त्रिया पुष्कळ प्रमाणात पूर्ण बऱ्या होतात. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. गरज पडली तर अस्तराचा लहानसा नमुना काढून तपासायला पाठवतात. या तपासण्या तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी होतात.

काकू त्या दहावीतल्या निघाल्या. रोग गर्भाशयाबाहेर गेलेला नव्हता. शस्त्रक्रियेत गर्भाशय आणि बीजकोश काढले. आज त्या नियमित तपासणीला येतात आणि पूर्वीसारख्याच मुलींचे कौतुक सांगत बसतात. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदांनी विचारले, की माहेरी कोणाला कर्करोग झाला होता का? काकू सहज म्हणाल्या, आई पोटात गोळा होऊन अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, आणि भावाचे पन्नाशीत आतड्याचे ऑपरेशन झाले होते. तिन्ही मुली तेथेच उभ्या होत्या. आजी लवकर गेली हे त्यांना ठाऊक होते. कशाने, हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. मामाच्या ऑपरेशनला त्या मूळव्याधीचे समजत होत्या.

काही घराण्यांत गर्भाशयाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या जोडीने दिसतो. तो एका जनुकातील दोषामुळे होतो आणि हा दोष आई किंवा वडील यांपैकी कोणाकडूनही प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, निम्म्या शक्यतेने येऊ शकतो. काकूंच्या गाठीच्या तुकड्यावर त्यासाठी आणखी तपासण्या झाल्या, मुलींना समुपदेशकाकडे पाठवले गेले. थोरलीच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा तेथे एक लहान पॉलिप सापडला. तो त्याच वेळी काढून टाकता आला. असे पॉलिप काही वर्षांनी कर्करोगात बदलू शकतात. आईने जे आठ महिने मुलींपासून झाकले, त्यातच थोरलीच्या प्रकृतीची किल्ली होती.

हा प्रसंग टोकाचा आहे, हे मला मान्य आहे. बहुतेक घरांत इतके नाट्य घडत नाही. परंतु आईच्या शरीराचा इतिहास हा मुलींचा वारसा आहे, ही गोष्ट साध्या घरालाही लागू पडते. दागिने कोणाला द्यायचे हे आया वेळेत सांगून ठेवतात. पाटल्या थोरलीच्या, मोहनमाळ धाकटीची. हा दुसरा वारसा मात्र बहुतेक वेळा सांगायचा राहतो.

हाडांपासून पाहू. आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले असेल, तर मुलांमध्येही हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. हाडांच्या धोक्याचा अंदाज बांधताना डॉक्टर हा प्रश्न आवर्जून विचारतात. न्हाणीघरात पाय घसरून आई पडली, खुबा मोडला, सहा महिने अंथरुणाला खिळली, तर घरात सारे म्हणतात, ‘फरशी ओली होती.’ फरशी ओली होती हे खरेच. पण तीच फरशी नातवालाही ओली लागली होती आणि तो उठून पळाला. आईची हाडे विरळ झाली होती, ही त्या घटनेतली मुलींच्या कामाची बातमी आहे. पन्नाशीतल्या मुलीने ती आपल्या डॉक्टरांना सांगितली, तर हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी कधी करावी, ड जीवनसत्त्वाचे व कॅल्शियमचे काय करावे, याचा विचार वेळेवर होतो.

पाळी थांबण्याचे वयही पुष्कळदा आईच्या वळणावर जाते. आपल्याकडे ते सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे. आईची पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल, तर मुलीचीही लवकर जाण्याची शक्यता अधिक असते. जी मुलगी नोकरीत स्थिर होईपर्यंत मूल पुढे ढकलते आहे, तिला हे आधी कळलेले बरे. आणि येथे ‘पिशवी काढण्या’चा घोटाळा होतो. महाराष्ट्रात कित्येक स्त्रियांची गर्भाशये चाळिशीच्या आत, कधी पस्तिशीतच काढली गेली. काहींना ती खरोखर काढावी लागली. काहींच्या बाबतीत गोळ्यांनी किंवा साध्या उपायांनी भागले असते असे मला वाटते, आणि हे मी जाणूनबुजून लिहिते आहे. पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्या कारणावरूनही पिशव्या निघाल्या आहेत. सोबत बीजकोश काढले गेले असतील तर त्या स्त्रीची पाळी त्याच दिवशी, शरीराला सवड न मिळता, संपली आणि हाडांची झीज तेव्हापासूनच वेगाने सुरू झाली. अशा आईला आज कुबड आले असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. तिची जुनी फाइल शोधावी. ‘माझी आई चाळिशीतच म्हातारी दिसू लागली’ असे सांगणाऱ्या मुलींना त्याचे कारण बहुधा त्या फाइलमध्ये सापडेल.

गरोदरपणाच्या आठवणीही सांगायला हव्यात. आईचा किंवा बहिणीचा गरोदरपणी रक्तदाब वाढला असेल, पायांवर-तोंडावर सूज येऊन झटके आले असतील, तर मुलीच्या गरोदरपणातही त्या बाबतीत जागरूक राहावे लागते. आईला मधुमेह असेल तर मुलीला गरोदरपणी साखर वाढण्याची शक्यता अधिक. आपल्या आया या गोष्टी सांगतात त्या ‘देवीच्या कृपेने वाचले’ एवढ्याच शब्दांत. कृपा होती असे मानू. पण त्या रात्री नेमके काय झाले होते, झटके आले होते की रक्तस्राव झाला होता, हेही विचारून घ्यावे. थायरॉइडचा विकार घरातल्या बायकांमध्ये आढळतो. काचबिंदूही सख्ख्या नात्यांत आढळतो. तो दुखत नाही आणि दृष्टी कडेने खाऊन टाकीपर्यंत कळत नाही. तेव्हा आईला काचबिंदूचे थेंब चालू असतील तर मुलींनी चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घेणे शहाणपणाचे.

स्तनाच्या कर्करोगाविषयी भीती फार आणि माहिती थोडी, अशी स्थिती आहे. शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींतच तो सरळ आनुवंशिक जनुकदोषाने होतो. तरीही आईला तो झालेला असल्यास मुलीचा धोका साधारण दुप्पट होतो. आईला तो तरुण वयात झाला असेल तर अधिकच. आईला ४२ व्या वर्षी झाला असेल, तर मुलीने त्याच्या दहा वर्षे आधीपासूनच, म्हणजे ३२ पासून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने तपासण्या सुरू कराव्यात असे साधारणपणे सुचवले जाते. येथे वडिलांकडच्या आत्या-आजीही मोजायच्या. सदोष जनुक वडिलांकडूनही येते, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि आईने यात अपराधी वाटून घेऊ नये. लेकीला तिने नाक दिले, आवाज दिला, हट्टी स्वभावही दिला. तसेच हेही आले. निवडून देणे तिच्या हातात नव्हते. सांगणे तेवढे आहे.

जी दुखणी आईचे दिवस नासवतात, त्यांविषयीही दोन शब्द. अंग बाहेर येणे आणि लघवी गळणे या दोन तक्रारी जितक्या झाकल्या जातात तितकी दुसरी कोणतीही तक्रार झाकली जात नसावी. आई लग्नाला येत नाही, प्रवास नको म्हणते, देवळात बसत नाही, पाणी कमी पिते. मुलींना वाटते आई विरक्त झाली. आई विरक्त झालेली नसते. तिला तेथे स्वच्छतागृह कुठे असेल याची धास्ती असते. या दोन्ही तक्रारींवर उपाय आहेत. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम उतारवयातही उपयोगी पडतात, अंग सावरून धरणारी रिंग बसवता येते, आणि गरज पडली तर शस्त्रक्रियाही आहे. पाणी कमी पिण्याने मात्र लघवीचा दाह आणि बद्धकोष्ठता वाढते, आणि बद्धकोष्ठतेत जोर करून करून अंग आणखी खाली येते.

आता थोडे मुलींकडे वळू. आईचा अभिमान मिळवणाऱ्या मुली सर्व एकसारख्या नसतात. बहुतेक घरांत अभिमान दूरच्या मुलीचा असतो आणि हात जवळच्या मुलीचे असतात. न्यूजर्सीच्या मुलीने पाठवलेले छायाचित्र आई साऱ्या गल्लीला दाखवते. रोज संध्याकाळी येऊन पायाला तेल लावणारी, दहावीनंतर शिक्षण थांबलेली मुलगी त्याच खोलीत बसलेली असते. ती काही बोलत नाही. पण तिला ऐकू येते. अशा मुलीकडूनच आपण सर्व काळजीची अपेक्षा करतो, आणि आईच्या शरीराविषयी काही ठाऊक असलेच तर तिलाच असते. डॉक्टरांशी बोलायला मात्र दूरच्या मुलीला फोन लावून दिला जातो, कारण ती शिकलेली. मी अशा वेळी फोन बाजूला ठेवून जवळच्या मुलीला विचारते. आईने कितीदा कूस बदलली, कोणत्या बाजूला वळताना कण्हली, जेवणात किती घास मागे राहिले, हे तिच्याइतके नेमके सांगणारे दुसरे कोणी नसते. आयांनी त्या मुलीचे कौतुक तिच्या देखत आणि इतरांच्या देखत करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सुनांच्या बाबतीतही हेच. आपल्या लेकीच्या पराक्रमाचे पोवाडे सुनेच्या हातचा चहा पिताना गाऊ नयेत, इतके पथ्य पाळले तरी घरातले पुष्कळ रक्तदाब आटोक्यात राहतील.

‘मुलीच्या घरचे पाणी पिऊ नये’ असे मानणारी पिढी अजून आपल्यात आहे. मुलीकडे चार दिवस पाहुणी म्हणून जाईन, पण आजारपणात जाऊन पडणार नाही, असे निक्षून सांगणाऱ्या आया मला भेटतात. कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले, की आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी झालेल्या २००७ च्या कायद्यातही ‘अपत्ये’ या शब्दात मुलगी स्पष्टपणे समाविष्ट आहे. दावा करायची वेळ कोणावर न येवो. पण मुलीकडून सेवा घेणे म्हणजे परक्या घरावर भार टाकणे, ही कल्पना आईने मनातून काढावी. मुलीला शिकवताना तिने ती कधीच काढली होती. स्वतःच्या आजारपणात ती परत येते.

सांगायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. समोरासमोर बसून, ‘आई, तुझ्या पाळीविषयी बोलू’ असे म्हटले तर कोणतीही आई उठून स्वयंपाकघरात जाईल. हात कामात गुंतलेले असताना बोलणे सोपे जाते. मेथी निवडताना, केसांना तेल लावताना, उन्हात पापड पसरताना. ‘तुला काही त्रास आहे का?’ असे मोघम विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही गं बाई, मला काय धाड भरली आहे’ हेच येणार. मुलीने स्वतःपासून सुरुवात करावी. ‘आई, माझी पाळी दोन महिने आली नाही, तुझं असं कधी सुरू झालं होतं गं?’ असे विचारले की आईला पुन्हा सांगणारीची जागा मिळते. ती जागा तिच्या सवयीची आहे. सल्ला देता देता ती स्वतःविषयी सांगून जाते. परिचारिका असलेल्या लेकीला जे सांगता येत नाही, ते कधी कधी नातीला सांगता येते. ती कोणाला सांगते याला महत्त्व नाही. आणि एखादी गोष्ट तिला कोणालाच सांगायची नसेल, तर तोही तिचा अधिकार आहे. डॉक्टरांकडे आईला काही मिनिटे एकटीने बोलू द्यावे. मुलींनी बाहेर थांबण्यात अपमान मानू नये.

ज्यांना लिहिता येते त्या आयांनी एक फुलस्केप कागद घ्यावा. पाळी कधी आली, कधी गेली. किती गर्भारपणे, त्यांतली किती टिकली. कोणती ऑपरेशने, कोणत्या साली, कोणत्या गावी. कोणत्या औषधाची ॲलर्जी. आई, वडील, मावश्या, मामा, आत्या कोणत्या वयात आणि कशाने गेले. नीटसे नाव ठाऊक नसेल तर ‘पोटात गोळा’, ‘छातीत कळ’, ‘काविळीने’ असे जे घरात म्हणत तेच लिहावे. त्यावरूनही डॉक्टरांना पुष्कळ कळते. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहवून घ्यावे, किंवा मोबाइलवर बोलून ठेवावे. ज्यांना मुली नाहीत त्यांनी मुलांना आणि सुनांना सांगावे. मुलग्यांकडेही हा सारा वारसा जातोच.

ज्यांच्या आई आता नाहीत, त्यांच्याकरिता मावशी हा मोठा आधार असतो. मावश्यांना आठवते, आणि आईपेक्षा त्या मोकळेपणाने बोलतात. आईच्या ट्रंकेतले जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळावेत. बायोप्सीचा अहवाल, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, गरोदरपणाचे कार्ड यांतले काहीही सापडले तर त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून सर्व बहिणींना पाठवावे आणि मूळ कागद रेशनकार्ड व आधारकार्डाच्या पिशवीत ठेवावा. ती पिशवी सहसा हरवत नाही.